तिखटाआधी आंबट

डिसेंबर लागला की म्हापसा आणि मडगावच्या बाजारांत लाल मसाल्याच्या बाटल्यांपाशी गर्दी वाढते. रेशाद, विंदालू, सोरपोतेल, बाल्चांव अशी त्यांची नावे. चिठ्ठी असलीच तर हाताने लिहिलेली, आणि मसाला वाटणारी बाई बहुधा गिऱ्हाइकाच्या ओळखीची. हा मसाला तसा बारमाही मिळतो. पण 3 डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, 8 डिसेंबरचे निष्कलंक मातेचे फेस्त आणि त्यांच्यामागून येणारा नाताळ या दिवसांत त्याला जी मागणी असते ती एरवी नसते. हल्ली असाच मसाला थोडा पातळ करून देखण्या बाटल्यांत भरतात आणि त्याला ‘हॉट सॉस’ म्हणतात. त्याच्याबरोबर इतिहासही विकला जातो, तो साधारण दोन वाक्यांचा असतो: पोर्तुगिजांनी मिरची आणली, गोवेकरांनी तिला आपलेसे केले. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि तरीही गोष्ट चुकीच्या टोकाकडून सांगितलेली आहे असे मला वाटते. गोव्याच्या सणाचे हे तिखट उभे आहे ते आंबटावर, म्हणजे माडाच्या सुरेपासून (माडीपासून) केलेल्या व्हिनेगरवर. ते व्हिनेगर उभे होते माडावर रोज चढून सूर काढणाऱ्या रेंदेरावर. मिरचीचा मान तिसरा.

आधी कृतीच पाहू. सुक्या लाल मिरच्यांचे देठ काढून त्या व्हिनेगरमध्ये भिजत घालतात. लसूण, आले, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, हळद आणि चवीपुरती साखर घालून वाटतात. वाटताना लागेल तेवढा ओलावा पुन्हा व्हिनेगरचाच. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हा नियम मसाला करणारी प्रत्येक बाई सांगते, आणि तिने रसायनशास्त्र वाचलेले नसले तरी नियम शास्त्रशुद्ध आहे. पाणी घातले की आम्ल सौम्य होते, आणि हा मसाला टिकतो तो आम्लामुळेच. पीएच 4.6 च्या खाली असेल तर अन्नातून होणाऱ्या विषबाधांपैकी सर्वांत घातक, म्हणजे बॉट्युलिझमचा जंतू, वाढू शकत नाही. मांस नासवणाऱ्या इतर बऱ्याच जंतूंनाही तिथे राहणे कठीण जाते. मिरचीचे काय? उष्ण प्रदेशांत लोक तिखट खातात ते मसाले जंतू मारतात म्हणून, असा एक सिद्धान्त 1998 साली जेनिफर बिलिंग आणि पॉल शर्मन या अमेरिकी संशोधकांनी 36 देशांच्या पाककृती तपासून मांडला होता. तो इतका पटण्यासारखा होता की आजही गप्पांमध्ये सर्रास ऐकू येतो. परंतु 2021 साली लिंडेल ब्रोमहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 33 हजारांहून अधिक पाककृतींची छाननी केली, तेव्हा त्याला फारसा आधार सापडला नाही. मिरचीत, लसणीत आणि लवंगेत जंतूंना रोखण्याचे थोडेफार गुण आहेत, पण आपण खाऊ शकू एवढ्या प्रमाणात ते मांसाला चार दिवस सांभाळू शकत नाहीत. डुकराच्या मांसाचे सोरपोतेल तिसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते असे जे म्हणतात, त्या तिसऱ्या दिवसापर्यंत ते पोचते ते व्हिनेगरच्या आणि रोजच्या उकळीच्या जोरावर.

या म्हणण्याची एक सोपी कसोटी घाटावर मिळते. मिरची काही गोव्यात अडकून पडली नाही. ती घाट चढून देशावर गेली आणि तिथे तिने काळ्या मिऱ्याला स्वयंपाकाच्या बहुतेक जागांवरून हटवले. एकोणिसाव्या शतकातही मुंबई इलाख्यात तिला गोवाई मिरची म्हणत, इतकी तिच्या वाटेची आठवण ताजी होती. तिखट खाण्यात कोल्हापूर, सोलापूर किंवा खानदेश गोव्याला हार जाणार नाहीत. मिरचीनेच हे घडवले असते तर बाटलीतले ओले, टिकाऊ तिखट तिथेही उपजायला हवे होते. तिथे झाला ठेचा, जो ताजा खायचा. टिकवायचे तिखट उन्हात वाळवून, तेलात तळून आणि कांडून केले गेले, त्यातून कांदा-लसूण मसाला आणि काळा मसाला आले. ओले टिकवायचे तर मीठ आणि तेल यांच्या भरवशावर लोणचे घातले गेले. देशावरचा कोरडा उन्हाळा जे करतो ते किनाऱ्यावरची दमट हवा करू देत नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की देशावर व्हिनेगर करायला लागणारा कच्चा माल दर घराच्या परसात उभा नव्हता. तीच मिरची, पण सोबती बदलले की तिखटाची जातच बदलली.

गोव्यात तो सोबती, म्हणजे सुरेचे व्हिनेगर, मिरचीच्या आधीपासून होता का? पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात माडावर सविस्तर प्रकरण आहे, सूर काढण्याचे आणि ती गाळून दारू करण्याचे वर्णन आहे. मिऱ्यावर प्रकरण आहे, आल्यावर आहे. मिरचीवर नाही. पुढे 1583 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आलेला डच तरुण लिन्सखोतेन आपल्या 1596 च्या प्रवासग्रंथात लिहितो की ही सूर थोडा वेळ उन्हात ठेवली की उत्तम व्हिनेगर होते आणि या मुलखात दुसरे व्हिनेगर नाहीच. हा पुरावा मला मोलाचा वाटतो, कारण लिन्सखोतेनला काही सिद्ध करायचे नव्हते. तो बाजारात दिसलेले टिपत होता. ओर्तांच्या मौनाचा मात्र फार उपयोग करून घेऊ नये. त्यांनी लिहिले नाही म्हणजे मिरची गोव्यात नव्हतीच असे होत नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स यांच्या 1542 सालच्या वनस्पतिकोशात मिरचीला कालिकतचा मिरी म्हटले आहे, तेव्हा ती मलबारच्या बाजूला आधीच रुजलेली असू शकते. अर्थात त्या काळी युरोपात अमेरिकेहून आलेल्या वस्तूंनाही सर्रास हिंदुस्थानी म्हणत, त्यामुळे त्या नावावरही भार टाकता येत नाही. माझा मुद्दा तारखांच्या शर्यतीचा नाही. मिरची 1530 मध्ये आली काय किंवा 1570 मध्ये, ती आली तेव्हा माडावरून सूर काढण्याची कला किनाऱ्यावर जुनी होती आणि त्या सुरेचे व्हिनेगर शतकाच्या अखेरीस गोव्याचे एकमेव व्हिनेगर होते, एवढे पुरेसे आहे.

इथे हमखास येणारी हरकत अशी: मांसाला व्हिनेगर आणि लसूण लावण्याची रीत पोर्तुगालची आहे, विंदालू हा तिथल्या विन्या द आल्योशचा गोव्यातला अवतार आहे, मग श्रेय पोर्तुगिजांना का देऊ नये? द्यावे, पण नेमके कशाचे ते सांगून द्यावे. पोर्तुगालमध्ये डुक्कर मारायचे दिवस थंडीचे. मदैरा बेटावर आजही नाताळच्या सकाळी जे मांस तळून खातात ते वाइन, व्हिनेगर, लसूण आणि तमालपत्रासारख्या पानात काही दिवस मुरलेले असते, आणि त्याला मिरची अत्यावश्यक नाही. मदैराचे मजूर 1835 पासून दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात गेले तेव्हा ही रीत सोबत घेऊन गेले. तिथे ती नाताळचे गार्लिक पोर्क झाली आणि गावठी विरी-विरी मिरची तिच्यात शिरली. म्हणजे पोर्तुगिजांनी जगभर नेला तो एक सण, त्या सणाचा प्राणी आणि तो आंबटात मुरवण्याची सवय. ही सवय गोव्यात उतरली तेव्हा मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली. पोर्तुगालचा डिसेंबर मांस राखायला स्वतःच मदत करतो. गोव्याच्या डिसेंबरात दुपारी तीस-बत्तीस अंश तापमान असते. द्राक्षाची वाइन सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाने येणार, ती मिस्सासाठी आणि साहेबांच्या टेबलासाठी. तिचे व्हिनेगर करून डुकराला चोळणे सासष्टीच्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. थंडीचे कामही आणि वाइनचे कामही सुरेने केले. रीत परक्याची, पण ती इथे जगवली माडाने.

याहून अवघड हरकत दुसरी आहे, आणि ती मला माझ्याच युक्तिवादाविरुद्ध सर्वांत वजनदार वाटते. माड काय फक्त गोव्यात आहेत? तेरेखोलच्या पलीकडे शिरोडा, वेंगुर्ला, मालवण ही सगळी माडांचीच गावे, भंडारी समाज पिढ्यानपिढ्या माडी काढत आलेला. मग मालवणी स्वयंपाकात व्हिनेगर का नाही? उत्तर असे की सूर हवी, पण नुसती सूर पुरत नाही. मालवणात आंबटाची जागा कोकम, चिंच, कैरी आणि बिंबले यांनी आधीच भरलेली होती. गोव्याच्या हिंदू घरांतही ती त्यांनीच भरलेली आहे. सोलांची कढी आणि सोलांचे आंबट हुमण करणाऱ्या घराला व्हिनेगरची गरज पडत नाही. ताजी मासळी त्याच दिवशी संपते, आणि त्याच दिवशी संपणाऱ्या अन्नाला कोकमाचे आंबट पुरते. शिवाय माडी ज्या भांड्यात आंबते ते भांडे अनेक घरांच्या चुलीपासून लांब ठेवले जाई. व्हिनेगरची गरज पडली ती एकदम मारलेल्या मोठ्या जनावराला, त्याच्या काळीज-रक्तासकट सगळ्याला, आणि अनेक दिवस येत राहणाऱ्या पाहुण्यांना. ही परिस्थिती चर्चच्या दिनदर्शिकेने निर्माण केली. हे सगळे गोडीगुलाबीने झाले असेही समजू नये. इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानाने नवख्रिस्तींच्या घरात तुळस लावण्यापासून बिनमिठाचा भात शिजवण्यापर्यंतच्या गोष्टींना मनाई केली; सत्ता चुलीपर्यंत पोचली होती, आणि डुकराचे मांस खाणे ही निष्ठेची खूण मानली जात होती. कोकमाची चूल आणि व्हिनेगरची चूल वेगळ्या झाल्या त्यामागे चवीबरोबर हा धाकही आहे. माझे म्हणणे तपासायला आणखी एक मुलूख आहे, वसईचा. 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे असलेला हा पट्टा मराठी बोलतो, त्याच्याकडेही सूर देणारी झाडे आहेत आणि चर्चही आहे. तिथल्या ईस्ट इंडियन (स्थानिक ख्रिस्ती) घरांत सणासुदीला होणारे डुकराचे इंद्याल व्हिनेगरचेच असते, आणि त्यासोबतचे फुगे जुन्या रीतीने ताडीवर फुगवलेले. माड आहेत पण चर्चचा सण नाही, त्या मालवणात व्हिनेगर नाही. दोन्ही आहेत त्या वसईत ते आहे. मिरची दोन्हीकडे आहे.

आता बाटलीवरच्या ‘थोडक्या प्रमाणात, घरगुती’ या शब्दांकडे वळू, कारण तिची किंमत आज त्यांच्यावर ठरते. हे प्रमाण थोडके राहिले ते कुणाच्या तत्त्वनिष्ठेमुळे नाही. माड दिवसाला एक-दोन लिटर सूर देतो. ती मिळवायला रेंदेर दिवसातून तीनदा चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला, आणि दुपारी पोयीचे (माडाच्या फुलोऱ्याचे) टोक कातीने पुन्हा तासायला, नाहीतर झरा आटतो. उतरवलेल्या सुरेत साखर पंधरा टक्क्यांच्या आसपास असते आणि ती काही तासांतच आंबू लागते. तिला शहरात नेऊन कारखान्यात ओतण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता. म्हणून व्हिनेगर वाड्यावरच झाले: मातीच्या किंवा काचेच्या मोठ्या भांड्यात सूर भरून, हवा लागेल असे तोंड बांधून, काही आठवडे उन्हाच्या आसऱ्याला. आधी साखरेचे मद्य होते, मग मद्याचे आम्ल. दुसऱ्या पायरीला हवा लागते, म्हणून भांडे घट्ट बंद करून चालत नाही. काही घरांत तापवून लाल केलेला कौलाचा तुकडा त्यात टाकत. एका झाडाचे, एका चढणाऱ्याचे, एका वाड्याचे हे माप मसाल्यालाही आपोआप लागू झाले. मिरचीचे वेळापत्रकही असेच स्थानिक: पेडण्याकडची हरमलची आणि काणकोणची खोल्याची मिरची वाळवून पावसाआधी पुरुमेंताच्या फेस्तात, म्हणजे वर्षाची बेगमी करण्याच्या बाजारात, सुक्या मासळी-सोलांबरोबर आणि व्हिनेगरबरोबर विकली जाते. मे महिन्यात भरलेले घर डिसेंबरात सण करते.

या साखळीत सरकार शिरले ते दारूच्या वाटेने. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात 1878 साली बारा वर्षांसाठी झालेल्या तहाने गोव्याचे मीठ ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेले आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवरची अबकारी पद्धत गोव्यात आली. मिठाबद्दल इतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे, सुरेबद्दल कमी. कायद्याच्या नजरेत सूर हे मद्य, मग ती पिण्यासाठी असो, व्हिनेगरसाठी असो की पाव आणि तांदळाचे सान्ने फुगवण्यासाठी. कर लागला तो झाडाला, आणि परवाना लागला चढणाऱ्याला. सणाच्या पानावर सोरपोतेल आणि सान्ने शेजारी बसतात. दोन्ही एकाच मडक्यातून निघालेली आहेत, आणि त्या मडक्यावर अबकारी खात्याचा हात आहे. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तेरेखोलच्या उत्तरेला माडी काढणेच संकटात आणले, तर दक्षिणेला 1961 पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि रेंदेर चढत राहिला. मुंबईच्या धोबीतलावच्या कुडांमध्ये (गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत) राहणारे गोवेकर खलाशी आणि आचारी नाताळचे सामान गावाहून मागवत, त्यात भावनेइतकाच हा कायदाही कारण असणार.

व्हिनेगर काढून टाकले तर या तिखटाचे काय उरते, याचा प्रयोग इतिहासाने करून ठेवलेला आहे. नेपोलियनच्या युद्धकाळात, 1813 पर्यंत, ब्रिटिश फौज गोव्यात होती. गोमांस किंवा डुकराचे मांस शिजवायला हरकत न घेणारे गोवेकर आचारी साहेबांना तिथे सापडले, आणि विंदालू त्यांच्या वाड्यांवरून विलायतेला गेले. विसाव्या शतकात ब्रिटनमधल्या, बहुतांशी सिल्हेटी मालकांच्या, रेस्टॉरंटांत विंदालू म्हणजे ‘मद्रास’ करीच्या वरची तिखटाची पायरी एवढाच अर्थ राहिला: तयार रश्श्यात जास्त तिखट, व्हिनेगर नावाला, बऱ्याचदा बटाटा. फ्रीज असलेल्या स्वयंपाकघरात दहा मिनिटांत होणाऱ्या पदार्थाला टिकण्याची गरज नव्हती, म्हणून आंबट गळाले. मिरची राहिली, पण तो पदार्थ सणाचा राहिला नाही, टेबलावरच्या पैजेचा झाला. उलट दाखला अमेरिकेत लुइझियानाच्या एव्हरी आयलंडवर आहे. तिथे एडमंड मॅकिलहेनी यांनी 1868 च्या सुमारास बाजारात आणलेला टबॅस्को सॉस आजही मिरची, मीठ आणि व्हिनेगर एवढ्यावरच चालतो. तो बाटलीत राहू शकतो आणि जगभर जाऊ शकतो, तो त्या व्हिनेगरमुळे.

शेवटची हरकत आजची आहे. आम्लच जर महत्त्वाचे, तर दुकानातले पांढरे कृत्रिम व्हिनेगर काय वाईट? टिकवण्यापुरते बोलायचे तर काहीच वाईट नाही. भारतीय अन्नकायदा आंबवून केलेल्या आणि कृत्रिम व्हिनेगरला आम्लाचे किमान प्रमाण एकच सांगतो, 3.75 टक्के; फक्त कृत्रिम व्हिनेगरच्या बाटलीवर तसे लिहावे लागते. जंतूला दोन्हींतला फरक कळत नाही. चवीला कळतो: सुरेच्या व्हिनेगरात यीस्टचा, साखरेचा आणि माडाचा मागमूस राहतो, नुसत्या अॅसिटिक आम्लाच्या पाण्यात तो नसतो, आणि म्हणूनच त्याच्यावर केलेल्या मसाल्यात साखर वाढवावी लागते. पण चवीच्या आधी हिशेब आहे. रेंदेरांची मुले आखाती देशांत, जहाजांवर आणि आता युरोपात गेली. पाववाल्यांनी सूर सोडून यीस्ट धरले, सान्नेही बहुतेक यीस्टवर होतात, आणि सुरेची गिऱ्हाइके अशी एकेक कमी झाल्यावर फक्त व्हिनेगरसाठी माणूस दिवसातून तीनदा चढणार नाही. हरमल आणि खोल्याच्या मिरचीला गेल्या काही वर्षांत भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद मानायला हरकत नाही. ते शेतकऱ्यांच्या उपयोगाचे आहे. तरी ‘पारंपरिक’ म्हणून विकलेल्या नाताळच्या बाटलीत मानांकनाची मिरची आणि टँकरमधले आम्ल असेल, तर परंपरेतला बदलता येण्याजोगा भाग जपला गेला आणि ज्याच्यावर सगळे उभे होते तो भाग बदलला गेला, असा त्याचा अर्थ होतो. मिरची बदलून काश्मिरी घातली तरी गोव्याच्या बायकांनी मसाल्याला नाव ठेवलेले नाही. गेली कित्येक वर्षे अनेक घरांत ती काश्मिरीच असते. माझ्या मते बाटली घेताना मिरचीच्या गावापेक्षा व्हिनेगर कुठले हे आधी विचारावे, आणि उत्तरात माडाचे नाव आले तर त्या बाटलीला दुप्पट पैसे देणे न्याय्य आहे, कारण त्यातला मोठा वाटा चढणाऱ्याच्या मजुरीचा आहे.